मिशीवाली रशियन बाहुली

शाळेत सगळ्याच गोष्टींचा तुटवडा. खडू संपतो, पाणी संपतं, पेपर तपासायचा उत्साह तर दिवाळीच्या आधीच संपतो. साचत जातात ते फक्त किस्से, कारण त्यांना ठेवायला कपाट लागत नाही आणि किल्ली हेडसरांकडे मागावी लागत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये चहा यायच्या आत एक तरी नवा तयार होतो. त्यातले पुष्कळसे बाहेर सांगता येत नाहीत, कारण ती माणसं अजून नोकरीत आहेत. मीही आहे. पण गेल्या गॅदरिंगचं काय झाकायचं? ते अर्ध्या शहादा तालुक्याने समोर बसून पाहिलं आणि उरलेल्या अर्ध्याने मोबाईलवर.

मी चित्रकलेचा मास्तर. लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, माझ्या खिशात कटर. आमचे पीटीचे गावित सर म्हणतात, "सर, तुम्ही एसटीत बसलात की शेजारचा आपलं पाकीट चाचपतो."

आता आबा. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. तापीकाठची जमीन, पांढरे कपडे, आणि मिशी अशी की तिला वेगळी खुर्ची द्यावी. आबांच्या भाषा दोन. सभेत बोलतात ती शुद्ध मराठी. तिच्यात 'सकारात्मक', 'यथावकाश' असे शब्द येतात, आणि तिच्यात दिलेला शब्द मंडपाचे खांब निघायच्या आत आबा विसरतात. दुसरी अहिराणी. ती घरात, शेतात आणि रागात. अहिराणीत आबा जे बोलले ते आजवर फिरलेलं नाही. आमच्या शाळेत नवा माणूस लागला की त्याला पहिला धडा हाच देतात. आबा शुद्ध बोलले तर टाळ्या वाजवा, अहिराणीत बोलले तर कामाला लागा.

तर हे आबा दिवाळीनंतर एक दिवस माझ्या चित्रकलेच्या खोलीत आले, भिंती बघितल्या, खिडक्या बघितल्या आणि म्हणाले, "मास्तर, तुन्ही खोली माले लागी ऱ्हायनी."

अहिराणीत म्हणाले. म्हणजे खोली गेलीच.

त्यांना तिथे 'सन्मानदालन' करायचं होतं. आजवर मिळालेल्या ट्रॉफ्या, शाली, फ्रेमा, स्वतःच दिलेले आणि स्वतःच घेतलेले पुरस्कार, सगळं काचेच्या कपाटात. आणि मी? मी आपला वऱ्हांड्यात चित्रकला शिकवायची. ऊन सरकेल तसा वर्ग सरकवायचा.

ती खोली काही मोठी देखणी नाही. पण शेजारच्या वसतिगृहातल्या तोरणमाळ, धडगावकडच्या मुली दुपारी तिथे येऊन बसतात. बाकी शाळेत त्या आपसात त्यांची पावरी बोली बोलल्या की कुणीतरी ओरडतं, "मराठीत बोला." माझ्या खोलीत कुणी ओरडत नाही. रंग कालवताना तोंडाने काय बोलावं याचा नियम मला तरी कुणी दाखवलेला नाही. ती खोली गेली असती तर मला वाईट वाटलं असतं असं नाही, माझा जीवच गेला असता. नोकरी राहिली असती, पण नोकरीला काय, ती कशीही राहते.

हेडसरांकडे गेलो. ते म्हणाले, "गॅदरिंग जोरदार होऊ द्या. आबा खूष झाले तर बघू."

*

आमच्या वैशाली मॅडम नृत्य-संगीत शिकवतात. त्या नाशिकला कसल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना एक खोका घेऊन आल्या. खोक्यात रशियन लोकखेळणी. एक लाकडी बाहुली, तिच्या पोटात बाहुली, तिच्या पोटात आणखी बाहुली. एक मातीची बाई, घेरदार झगा, झग्यावर पोळ्याच्या बैलावर असतात तसे रंगीत ठिपके. आणि एक लाकडी पाटी, तिच्यावर कोंबड्या, खाली दोरीला गोळा. पाटी फिरवली की कोंबड्या टकाटका दाणे टिपायच्या.

मॅडम म्हणाल्या, "रशियात मोठमोठ्या चित्रकारांनी अशी खेळणी समोर ठेवून बॅलेचे पडदे रंगवले, कपडे बेतले. नाचणारे खेळण्यांसारखे हलायचे. आपण यंदा तेच करू."

खरं सांगतो, मला फार आनंद झाला. आमच्या स्टाफरूममध्ये चित्र आणि नाच हे दोन शब्द एका वाक्यात मी प्रथमच ऐकले. मी ती कोंबड्यांची पाटी सबंध ऑफ पिरियड फिरवत बसलो.

हेडसरांनी ती लाकडी बाहुली हातात घेतली. एक उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. शेवटची अगदी बोटाएवढी. ती भरीव असते, ती उघडत नाही. हेडसरांनी पिळली, टेबलावर ठोकली, रुमालात धरून पुन्हा पिळली. घाम फुटला. मग बेल वाजवून शिपायाला म्हणाले, "ही जॅम झालीय. तेल आण."

*

आबांना कळवणं भाग होतं. हेडसरांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे उद्या काही झालं तर साक्षीदार असावेत.

"आबा, यंदा आपल्या गॅदरिंगला रशियन बॅले."

पलीकडून काळजीचा आवाज आला, "बैलले काय व्हयनं?"

आता हे आमच्याकडे न राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागेल. अहिराणीत बैलले म्हणजे बैलाला. आबांनी ऐकलं, रशियन बैलाला.

"बैलाला नाही आबा, बॅले. बॅले."

"तेच तं ईचारी ऱ्हायनू ना मी. बैलले काय व्हयनं?"

आबांना तुम्ही चुकीचं ऐकलंत असं सांगण्याची पद्धत आमच्या संस्थेत नाही. हेडसरांनी आमच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "बैल ठीक आहे, आबा."

दुसऱ्या दिवशी आबा गुरांच्या डॉक्टरांना गाडीत घालून हजर. सोबत सरकीच्या ढेपेचं पोतं. गाडीतून उतरतानाच म्हणाले, "रशियन बैल कोठे शे?"

डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, लसीकरण झालंय ना? परदेशी जनावर आहे, उगाच लफडं नको."

हेडसर एका क्षणात सावरले. त्यांचं हे मानलं पाहिजे. म्हणाले, "आबा, बैल अजून तयार होतोय. आमचे चित्रकलेचे सर करताहेत."

अशा रीतीने रशियन बॅलेत बैल आला. पुठ्ठ्याचा, चार पायांना दोन पोरं आत, अंगावर त्या मातीच्या बाईसारखे लाल, निळे, पिवळे ठिपके. वैशाली मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, खोलीचा प्रश्न आहे. आबांनी उंट म्हटला असता तर उंट रंगवला असता."

ढेपेचं पोतं हेडसर घरी घेऊन गेले.

*

मग पात्रांची निवड. कल्पना सोपी होती. स्टेजच्या मधोमध एक मोठी बाहुली उभी करायची. तिच्यामागून बाहुलीच्या वेषातल्या मुली एकेक करून बाहेर येतील, आधी मोठी, मग तिच्याहून लहान, मग त्याहून लहान. बघणाऱ्याला वाटावं, एकीच्या पोटातून दुसरी निघतेय.

पण ही बातमी संचालक मंडळात पोचली. लहान बाहुली व्हायला कुणाचीच मुलगी तयार नाही. मुली तयार होत्या, त्यांचे आजोबा तयार नव्हते. उपाध्यक्ष नाना तर शाळेत येऊन बसले. नाना आणि आबा एकाच गल्लीतले, लहानपणापासून एकमेकांवर कुरघोडी करण्यात दिवस काढलेले. नाना म्हणाले, "मन्ही नात लहान बाहुली व्हई, तं लोके म्हनतीन नाना लहान शे."

शेवटी हेडसरांनी मार्ग काढला. संचालकांच्या बैठकीत खुर्च्या ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने बाहुल्या. सगळ्यात मोठी बाहुली आबांची नात. ती पाचवीत, माझ्या कमरेएवढी. दुसरी नानांची, सहावीतली. तिसरी, चौथी अशा चढत गेल्या. आणि सगळ्यात लहान बाहुली वसतिगृहातली सुनंदा पावरा, कारण तिचं मंडळात कुणीच नाही. सुनंदा नववीतली, तोरणमाळकडची, आणि शाळेत सगळ्यात उंच. वर्गातला पंखा अडकला की हाताने फिरवून चालू करायला तिलाच उठवतात.

तालमीत सगळ्यात मोठ्या बाहुलीतून त्याहून मोठी बाहुली निघाली. तिच्यातून आणखी मोठी. शेवटी सगळ्यात लहान म्हणून सुनंदा आली ती पडद्याच्या दांडीला डोकं लावून.

वैशाली मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. आबा तालीम बघायला आले होते. हेडसर घाबरत म्हणाले, "आबा, क्रम जरा..."

आबा शुद्ध मराठीत म्हणाले, "उत्तम. पिढी दर पिढी वाढ होत आहे. यालाच विकास म्हणतात."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

मागच्या पडद्यावर रशियन गाव हवं होतं, रंगीत घरं, गोल कळस, झाडं. कापड परवडेना. गावित सर नवापूरचे, त्यांच्या भावाची पोल्ट्री. ते म्हणाले, "अंड्यांचे ट्रे आणतो. कितीही आणतो."

टेम्पोभर ट्रे आले. कल्पना झकास होती हे मी आजही म्हणेन. ट्रेचे उंचवटे रंगवले की लांबून कळसांसारखे दिसायचे. मी कटरने कापायचो, सुनंदा आणि तिच्या मैत्रिणी रंगवायच्या. त्यांनी रशिया बघितलेला नाही, मीही नाही. त्यांनी घराच्या भिंतीवर काढतात तसे घोडे, झाडं, मोर, सूर्य काढले, आणि त्या मातीच्या बाईच्या झग्यावरचे ठिपके आणि आडवे पट्टे त्यात असे मिसळले की कुठला रशिया आणि कुठला सातपुडा ते मलाही कळेना. मी हात पुसत लांब उभा राहून नुसता बघत राहिलो. एवढं चांगलं काम त्या खोलीत आजवर झालं नव्हतं.

अडचण एकच. दुपारचं ऊन पडलं की रशिया कोंबडीखान्यासारखा वास मारायचा.

पाहणीला आलेल्या एका संचालकांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे काय?"

गावित सर शांतपणे म्हणाले, "साहेब, तिकडचं वातावरण."

*

आता मोठी बाहुली. तिच्यासाठी आबांनी स्वतःच्या घरची जुनी कणगी दिली. धान्य ठेवायची बांबूची विणलेली उंच टोपली, माणूस आत सहज उभा राहील एवढी. घरात लोखंडी कोठ्या आल्यापासून ती गोठ्यात रिकामीच होती. मला ती फार आवडली. पोटाला फुगीर, वर निमुळती, निम्मी बाहुली आधीच झालेली. मी पोटावर उभं दार कापलं, वर डोकं बसवलं, कागद चिकटवून पांढरा रंग दिला, आणि तोंड काढलं. गोल गाल, काळे डोळे, डोक्याला लाल फुलांचा रुमाल. संध्याकाळी मुली तिच्याभोवती जमून हसत होत्या. सुनंदा म्हणाली, "सर, ही आता बोलेल."

दुसऱ्या दिवशी हेडसर आले. "सर, ही अगदीच परकी वाटते. आपल्या भागातली दिसायला हवी."

मी कुंकू काढलं.

"नथ?"

मी नथ काढली.

हेडसर घुटमळले, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "कणगी आबांची आहे. आबांची थोडीशी छबी आली असती तर... म्हणजे थोडीशीच."

आबांची थोडीशी छबी म्हणजे काय? आबांमध्ये ओळखू येण्यासारखं एकच आहे. मी हेडसरांना म्हटलं, "सर, हिच्या नाकात नथ आहे."

"नथीच्या खाली जागा आहे," हेडसर म्हणाले.

मला एवढा राग आला की ब्रश फेकून द्यावा. पण डोळ्यासमोर वऱ्हांडा आला, ऊन आलं, सरकणारा वर्ग आला. मी मिशी काढली. चांगली काढली, एकेक केस वेगळा. वाईट काम मला येतच नाही, हा माझा दोष आहे. वैशाली मॅडम आल्या, बघितलं, आणि आल्या तशा परत गेल्या.

*

आबांनी बाहुली बघितली. बराच वेळ बघितली. स्वतःच्या मिशीवर बोट फिरवलं, मग तिच्या मिशीवर फिरवलं. रंग ओला होता.

"मास्तर," आबा म्हणाले, "तोंड मन्हं शे, तं मझार बी मीच पाहिजे ना?"

मझार म्हणजे आत. हेडसर म्हणाले, "आबा, आत तर शेवटी सगळ्यात लहान बाहुली असते. तो गाभा असतो."

"तं गाभा बी मीच."

झालं. अहिराणीत बोलले, म्हणजे ठरलं. सगळ्यात बाहेरची बाहुली आबा आणि सगळ्यात आतलीही आबा. मुलींनी मागून येऊन नाचायचं, मग ढोल वाजेल, बाहुलीचं पोट उघडेल, आबा बाहेर येतील आणि तिथूनच पाहुण्यांसमोर भाषण करतील. त्यासाठी कॉलरला माईक लावायचा.

सुनंदाचं काय? तिला सांगितलं, तू आता गाभा नाहीस, तू नुसती बाजूला उभी राहा. ती म्हणाली, "हो सर." एवढंच. तिच्या त्या 'हो सर'ने मला जेवण गेलं नाही.

आणि मला वाटत होतं की आता तरी खोली वाचली. मिशी काढली, बैल काढला, आणखी काय काढायचं राहिलं? गॅदरिंगच्या दिवशी सकाळी शाळेत आलो तर खोलीला कुलूप. रंग, चित्रकलेचे फळे, मुलींची चित्रं, सगळं वऱ्हांड्यात पोत्यात भरून ठेवलेलं. हेडसर पाठ वळवून उभे.

"सर, आबा खूष आहेत," हेडसर म्हणाले. "म्हणूनच घाई आहे. पाहुणे आज मुक्कामाला आहेत, उद्या त्यांच्याच हस्ते सन्मानदालनाचं उद्घाटन करायचं म्हणतात."

पोत्यातून एका चित्राचा कोपरा बाहेर आला होता, तो मी आत सारला.

*

तर गॅदरिंग. मैदान भरलेलं. शिक्षण खात्याचे मोठे साहेब पाहुणे म्हणून जिल्ह्याहून येणार होते, ते अजून यायचे होते. आबा म्हणाले, सुरू करा, साहेब येतील तेव्हा मी बाहेर निघतो, बरोबर एंट्री होईल.

आबा कणगीत शिरले. कॉलरला माईक. पाठीकडे कागद लावलेला नव्हता, तिथल्या विणीतून वारा लागत होता, आत उभं राहायला काही त्रास नव्हता. मी आणि वैशाली मॅडम दुसऱ्या विंगेत बैलाचं शेपूट शिवत होतो, कारण मागच्या पोराने पुढच्याशी भांडून ते उपटलं होतं. तेवढ्यात इकडे हेडसरांनी शेवटची पाहणी केली. त्यांना बाहुलीच्या पोटावर दाराची फट दिसली. फोटोत वाईट दिसेल. खोकी बांधायची चिकटपट्टी असते ना, तपकिरी, रुंद, ती घेऊन त्यांनी कणगीला कमरेभोवती गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, वर्षाच्या शेवटी पेपरांचे गठ्ठे बांधतात तशी रीळ संपेपर्यंत. वरून फुलाफुलांची शाल. आणि साहेबांची गाडी आली का बघायला गेटवर गेले.

पडदा वर गेला. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं सुंदर झाली. मागे घोडे-मोरांचा ठिपक्यांचा रशिया, पुढे कोंबड्या झालेल्या मुली टकाटका दाणे टिपताहेत. मग बाहुल्या निघाल्या, आखूड, लांब, त्याहून लांब. लोक हसले, पण प्रेमाने. बैल आला तेव्हा तर शिट्ट्या. पहिल्या रांगेत गुरांचे डॉक्टर उठून उभे राहिले.

मग ढोल वाजला. पोट उघडायची वेळ.

पोट उघडेना.

बाहुली जरा हलली. पुन्हा हलली. मग कर्ण्यातून आबांचा आवाज सबंध मैदानावर घुमला, "हेडसर." थांबून पुन्हा, "हेडसर, कृपया दार उघडण्यात यावे."

लोकांना वाटलं, नाटकातलं वाक्य. टाळ्या पडल्या.

सुनंदा बाजूला उभी होती. तिने बाहुलीकडे बघितलं, ढोलवाल्याकडे बघितलं, आणि सरळ मधे येऊन नाचायला लागली. होळीला त्यांच्याकडे नाचतात तसं, कमरेतून, पायाने जमीन दणकावत. बाहुली डावीकडे झुकली की तीही डावीकडे, बाहुलीने उडी मारली की तिचीही उडी. ढोलवाला मुलगा तिच्याच गावचा, त्याने ढोलावर हात मोकळा सोडला. बाकीच्या बाहुल्याही लागल्या तिच्यामागे. मैदान डोलायला लागलं. वैशाली मॅडमच्या डोळ्यांतून पाणी. मला म्हणाल्या, "सर, हाच बॅले. हेच मी दोन महिने सांगत होते."

नेमके तेव्हाच साहेब आले. सूत्रसंचालक मुलीला काय करावं कळेना. अध्यक्ष खुर्चीत नाहीत. तिने समोर बघून जाहीर केलं, "पाहुण्यांचं स्वागत उपाध्यक्ष नाना करतील."

बाहुली जागच्या जागी थबकली.

"कोन?" कर्णा म्हणाला. "नाना? नाना हार घाली ऱ्हायना का?"

सबंध मैदान हसलं. नाना हार घेऊन निघालेच होते. त्यांनी चाल मुद्दाम हळू केली.

मी स्टेजवर गेलो. शाल उचलली, पट्टी बघितली. कणगीला तोंड लावून म्हटलं, "आबा, मी. चित्रकलेचा मास्तर. चिकटपट्टी गुंडाळलीय. कटर लागेल."

"मंग काप ना."

"कटर चित्रकलेच्या खोलीत असतं."

"जाय, लई ये."

"खोलीला कुलूप आहे, आबा. सामान काढलंय. उद्यापासून तिथे तुमच्या ट्रॉफ्या."

आतून आबा घसा खाकरून म्हणाले, "चित्रकलेच्या खोलीबाबत यथावकाश सकारात्मक विचार करण्यात येईल."

कर्ण्यातून ते मैदानभर गेलं. पहिल्या रांगेने सवयीने टाळ्या वाजवल्या.

मी हललो नाही. उभाच राहिलो. सुनंदा माझ्या बाजूला नाचत होती, दमली होती, पण थांबत नव्हती. समोर नाना साहेबांपर्यंत पोचले होते आणि फोटोवाल्याला नीट उभं करत होते.

"मास्तर, काय चाली ऱ्हायनं?"

"नाना फोटोवाल्याला बोलावताहेत, आबा."

कणगी एकदम वर उडाली आणि खाली आपटली. मिशीखालचा कागद सुटून तिचं एक टोक लोंबायला लागलं.

"ये मास्तर!" कर्णे फाटतील असा आवाज आला. "खोली तुन्ही! कपाट तुन्हं, बठ्ठं तुन्हं! मन्ह्या ट्रॉफ्या मी मन्हा घर ठेवसू, पन माले भाईर काढ रे, आते!"

ढोल थांबला. सगळं मैदान ऐकत होतं, आणि सगळ्या मैदानाला ती भाषा समजत होती. हेडसर गेटवरून धावत येत होते, हातात किल्ल्यांचा जुडगा.

मी शर्टाच्या खिशातून कटर काढलं.